काहीच केलं नाही तर काय होतं?

थोडी लांब पोस्ट आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा.

आमच्या भागात 'डिफॉल्ट' हा शब्द फक्त बँकेच्या दारात ऐकू येतो. अमका डिफॉल्टमध्ये गेला, म्हणजे त्याचा हप्ता थकला. त्यामुळे मोबाइलच्या आणि ऑनलाइन अर्जांच्या जगात हाच शब्द वेगळ्या अर्थानं वापरतात असं सांगितलं की लोक चमकतात. तिथं डिफॉल्ट म्हणजे, तुम्ही काहीच केलं नाही, कुठलंही बटण दाबलं नाही, तर आपोआप जे होतं ते. नवा फोन पहिल्यांदा वाजतो ती रिंगटोन डिफॉल्ट. अर्ज उघडल्याबरोबर ज्या चौकटीत आधीच टिक दिसते, ती डिफॉल्ट.

पंगतीत जेवलेल्या माणसाला हे लगेच कळेल. वाढपी जिलबी घेऊन येतो. तुम्ही गप्प बसलात तर जिलबी ताटात पडते. नको असेल तर ताटावर आडवा हात धरावा लागतो, तोही वेळेत. याउलट हॉटेलात मागितल्याशिवाय काही येत नाही. जिलबी तीच, माणूस तोच. पण एका ठिकाणी गप्प बसणं म्हणजे 'हो' आणि दुसऱ्या ठिकाणी गप्प बसणं म्हणजे 'नको'. आता जिलबीच्या जागी तुमचे पैसे, तुमचं खातं, तुमच्या मुलाची भाषा ठेवा. म्हणजे मी ही पोस्ट का लिहायला घेतली ते लक्षात येईल.

माझं तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र आहे. अकरा वर्षं झाली. दाखले, सातबारा, पीक विमा, पॅन, परीक्षेचे अर्ज, गॅसचं केवायसी, जे येईल ते. दिवसाला तीस-चाळीस लोकांचे फोन माझ्या हातात येतात आणि त्यातले बहुतेक फोन दुकानातून निघाले तसेच्या तसे असतात. कुणीही काहीही बदललेलं नसतं. अक्षरं बारीक, भाषा इंग्रजी, नोटिफिकेशनचा पाऊस. सत्तर वर्षांच्या आजी डोळे बारीक करून म्हणतात, "पोरी, ह्यात मराठी नाही का गं येत?" येतं की. नवा फोन चालू केला की पहिल्याच पडद्यावर तो भाषा विचारतो, आणि त्या यादीत मराठी असते. पण तो पडदा बघतो कोण? दुकानदार. तो सिम घालतो, पाच वेळा 'नेक्स्ट' दाबतो, काच चिकटवतो आणि फोन हातात देतो. आजींना निवड दिली होती असं कंपनी खुशाल म्हणू शकते, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त ती निवड आजींच्या वाट्याला आलीच नाही.

हे फक्त आजींचं नाही. जेरेड स्पूल नावाचे अमेरिकेतले जाणकार आहेत, माणसं सॉफ्टवेअर प्रत्यक्षात कशी वापरतात याचा अभ्यास करणारे. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरणाऱ्या लोकांच्या सेटिंगच्या फाइली मागवून तपासल्या. शंभरात पाच लोकांनीसुद्धा काही बदललेलं नव्हतं. गंमत म्हणजे त्या काळच्या वर्डमध्ये लिहिलेलं आपोआप सेव्ह होण्याची सोय मुळात बंद ठेवलेली होती. म्हणजे लाइट गेली की लिहिलेलं गेलं. लोकांना विचारलं, ही सोय तुम्ही चालू का नाही केली? तर उत्तर आलं, कंपनीनं बंद ठेवली आहे म्हणजे काहीतरी कारण असेल, त्यांना जास्त कळतं. मग स्पूल यांनी कंपनीत चौकशी केली. कारण असं निघालं की डिफॉल्ट काय ठेवायचं हे प्रोग्रामरला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यानं सगळीकडे शून्य भरून टाकलं होतं. शून्य म्हणजे बंद.

लोक ज्याला तज्ज्ञांचा सल्ला समजत होते, तो कुणाचा तरी अर्धवट राहिलेला तक्ता होता.

आणि ज्यांना हे कळतं, ते किती पैसे मोजतात बघा. अमेरिकेत गुगलविरुद्ध मक्तेदारीचा खटला चालला, त्याचा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये लागला. न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगल बेकायदा मक्तेदारी टिकवते असं म्हटलं. त्या खटल्यात बाहेर आलेला आकडा असा, की फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च डिफॉल्ट राहावं म्हणून गुगलनं एकट्या २०२१ सालात २६.३ अब्ज डॉलर इतर कंपन्यांना दिले. आपल्या पैशात जवळपास दोन लाख कोटी रुपये. का? आयफोनवर सर्च इंजिन बदलायला चार-पाच टिचक्या पुरतात. ज्याला नको त्यानं बदलावं. पण कुणी बदलत नाही हे त्या कंपनीला पक्कं ठाऊक आहे. 'सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं की!' हे वाक्य पुन्हा कुणी तुमच्या तोंडावर फेकलं, तर हा आकडा आठवा.

कॉम्प्युटरवाल्यांमध्ये यावरून जुनं भांडण आहे. एक गट म्हणतो, माणसाला प्रत्येक गोष्ट बदलता आली पाहिजे, सगळ्या सेटिंग्ज द्या. दुसरा म्हणतो, शंभर बटणं दाखवली की माणूस भांबावतो, त्यापेक्षा विचार करून एक चांगलं डिफॉल्ट ठेवा आणि बाकीचं काढून टाका. लिनक्सच्या जगात ग्नोम नावाच्या मंडळींनी २००२ साली सेटिंग्जची मोठी छाटणी केली. २००५ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स, म्हणजे ज्यानं लिनक्स लिहिलं तोच, त्यांच्यावर भडकला. तुम्ही वापरणाऱ्याला मूर्ख समजता, असा त्याचा राग होता.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसलेला, इंग्रजी वाचणारा, हाताशी वेळ असलेला माणूस आहे. माझ्या केंद्रात येणारा माणूस अर्धा दिवस रोजगार बुडवून, एसटीनं येतो. त्याला सेटिंग आहे हेच माहीत नसतं. माहीत असलं तर सापडत नाही. सापडलं तर ओटीपी मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा पुण्याला कंपनीत, फोन लॉकरमध्ये. अशा माणसाला तुम्ही शंभर सेटिंग्ज द्या नाहीतर दहा, त्याच्या नशिबी डिफॉल्टच. म्हणून डिफॉल्ट कुणी ठरवलं, कुणाच्या सोयीनं ठरवलं, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. आणि तो कॉम्प्युटरपुरता नाही, सरळसरळ राज्यकारभाराचा आहे.

२०२४ चा ऑगस्ट आठवा. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, तीन हजार रुपये, खात्यात पडले तेव्हा केंद्रासमोर रांग लागली. निम्म्या बायकांची एकच तक्रार होती, "ताई, शेजारणीचे आले, माझे आले नाहीत." अर्ज मंजूर, पैसे गेलेलेही दिसायचे. मग गेले कुठे? एक मावशी होत्या. सात-आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात बांधकामावर होत्या, तिथं मुकादमानं सगळ्यांची खाती एका बँकेत काढून दिली होती. काम संपलं, गावी आल्या, इथल्या बँकेत खातं काढलं, पासबुक हेच, व्यवहार इथेच. अर्जावर नंबरही इथलाच दिला होता. पैसे मात्र गेले त्या जुन्या खात्यात. त्याचं पासबुक नाही, एटीएम कार्ड नाही, जोडलेला मोबाइल नंबर मुकादमाचा. त्या म्हणाल्या, "मी लिहून दिलंय की गं कुठं टाकायचे ते!"

दिलं होतं. पण आधारवरून येणारा पैसा त्या लिहिण्याकडे बघत नाही. हे कसं चालतं ते नीट सांगते, कारण बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. एनपीसीआयकडे एक नोंदवही आहे. त्यात प्रत्येक आधार नंबरासमोर एकाच बँकेचं नाव असतं. तुमची चार बँकांत खाती असोत, चारही खात्यांना आधार जोडलेलं असो, डीबीटीचा पैसा त्या वहीत ज्या बँकेचं नाव आहे तिथेच जातो. आधार बँकेत नुसतं 'जोडणं' वेगळं आणि या वहीत नाव चढवणं, ज्याला सीडिंग म्हणतात, ते वेगळं. मावशींचं इथलं खातं जोडलेलं होतं, पण वहीत नाव जुन्याच बँकेचं होतं. गावच्या खात्यात पैसे यावेत म्हणून वेगळा अर्ज द्यावा लागतो हे त्यांना ना मुकादमानं सांगितलं, ना बँकेनं.

या वहीतलं डिफॉल्ट किती मौल्यवान आहे, ते २०१७ साली देशानं पाहिलं. एअरटेलचं सिम आधारनं तपासून घ्यायला गेलेल्या लोकांची, त्यांना नीट कळू न देता, एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली, आणि गॅसची सबसिडी त्या नव्या खात्यांकडे वळली. लोक नेहमीच्या बँकेत पासबुक भरून बघत बसले आणि पैसे फोनमधल्या अशा खात्यात साचत गेले, जे आपलं आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. तीस लाखांहून जास्त ग्राहक, सुमारे १९० कोटी रुपये. डिसेंबर २०१७ मध्ये यूआयडीएआयनं कंपनीचा आधार तपासणीचा परवाना स्थगित केला, पैसे परत करायला लावले, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पाच कोटींचा दंड केला. त्या प्रकरणात कुणाचं पाकीट मारलं गेलं नाही, कुलूप तोडलं गेलं नाही. 'सगळ्यात शेवटी जी बँक नाव चढवेल, तिला पैसे' एवढा एक डिफॉल्ट नियम होता, आणि सिमच्या पडद्यावरची एक संमती होती. पुढे नियम कडक झाले, आता बँक बदलायची तर तशी स्पष्ट संमती लागते. चांगलं झालं. पण तेच कडक नियम मावशींना आडवे आले, हेही खरं. जुनं नाव आता आपोआप पुसलं जात नाही.

मावशींचं काम दीड महिन्यानं झालं. चार फेऱ्या, त्यातल्या दोन 'आज सर्व्हर नाही' म्हणून वाया.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग काढून टाका ही डिफॉल्टची भानगड. प्रत्येक वेळी माणसाला विचारा. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगते.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते, रंगकाम करायचे. वय ४६. मागच्या उन्हाळ्यात हार्ट अटॅकनं गेले. पंधरा दिवसांनी वहिनी पासबुक घेऊन आल्या, वारसाची नोंद करायची म्हणून. पासबुक चाळताना मला दरवर्षी मे महिन्यातली एक कपात दिसली, ४३६ रुपये. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. कधीतरी खातं काढताना बँकेत एका फॉर्मवर सही केली होती, त्यानंतर दरवर्षी हप्ता आपोआप कापला जात होता. त्यांना स्वतःला ते आठवत असेल का, शंका आहे. वहिनींना तर काहीच माहीत नव्हतं. फॉर्म भरला, मृत्यूचा दाखला जोडला, दोन लाख रुपये मिळाले. दरवर्षी 'विमा चालू ठेवायचा का?' असं विचारलं असतं, तर पावसाळ्याच्या तोंडावर, काम बंद व्हायच्या दिवसांत, त्या माणसानं ४३६ रुपये काढले असते का? मला नाही वाटत. गप्प बसण्याचा अर्थ 'हो' धरला गेला म्हणून त्या घरात दोन लाख आले.

त्याच योजनेबद्दल उलट तक्रारीही माझ्याकडे येतात. न विचारता कापले, मी सही केलीच नाही. त्यातल्या काही खऱ्या असतात. म्हणजे सोय तीच, फक्त पहिली सही खरी होती की नाही एवढ्यावर ती आधार ठरते किंवा खिसेकापूपणा.

डिफॉल्ट माणसाच्या बाजूनं ठेवायचं ठरवलं तर ठेवता येतं, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे आणि त्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही. १५ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की नवीन एटीएम-डेबिट-क्रेडिट कार्ड देताना ते फक्त देशातलं एटीएम आणि दुकानातलं मशीन एवढ्यावरच चालू ठेवायचं. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार, मशीनला नुसतं टेकवून पैसे जाणं, हे सगळं बंद. ज्याला हवं त्यानं चालू करून घ्यावं. शिवाय जे जुनं कार्ड ऑनलाइन कधी वापरलेलंच नाही, त्याची ती सोयही बंद. आता याचा त्रास होतो. परीक्षेची फी भरायला आलेल्या पोराचं कार्ड चालत नाही, मग बापाला बँकेत पिटाळावं लागतं, आणि शिव्या मला बसतात. पण ज्या आजोबांनी आयुष्यात कधी ऑनलाइन काही घेतलेलं नाही, त्यांचा कार्ड नंबर चोरून कुणी परदेशातल्या साइटवर वापरू पाहिला तर तो व्यवहार होत नाही. आजोबांना यातलं काही करावं लागलं नाही. ज्याला सोय हवी त्यानं दोन पावलं चालायची, आणि ज्याला काही माहीत नाही तो आपोआप सुरक्षित. असं डिफॉल्ट मला मान्य आहे.

नोकरदारांसाठी जाता जाता. २०२३ च्या बजेटमध्ये नवी करप्रणाली डिफॉल्ट केली, अगदी याच शब्दात. म्हणजे तुम्ही ऑफिसला काहीच कळवलं नाही तर टीडीएस नव्या पद्धतीनं कापला जातो. ज्यांचं घरकर्ज आणि एलआयसी जास्त आहे, त्यांनी दोन्ही हिशेब करून बघावेत. माझ्या ओळखीच्या दोन शिक्षकांना हे मार्चमध्ये कळलं.

आता जरा नाजूक विषयाकडे येते. यावर कमेंटमध्ये भांडणं होणार हे माहीत आहे.

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा, पहिलीपासून हिंदीचा वाद. १६ एप्रिलच्या शासन निर्णयात मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य केली होती. गदारोळ झाला. मग १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि 'अनिवार्य' शब्द गेला. त्याजागी आला 'सर्वसाधारणपणे'. हिंदी ही सर्वसाधारणपणे तिसरी भाषा असेल. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर तसं सांगता येईल, पण त्या इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी. तेवढे झाले तर शिक्षक किंवा ऑनलाइन सोय.

तेव्हा टीव्हीवर दोन गट भांडत होते. एक म्हणत होता, सक्ती मागे घेतली, आता तक्रार कशाला? दुसरा म्हणत होता, ही मागच्या दारानं सक्तीच आहे. मला राहून राहून वाटत होतं, की हे तर आपलं सेटिंग आणि डिफॉल्टचं भांडण आहे! १६ एप्रिलला बटणच नव्हतं. १७ जूनला बटण आलं, पण ते दाबायला २० बोटं एकदम लागणार. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत पहिलीच्या वर्गात २० मुलं मिळून नसतात. तिथं हा पर्याय कागदावर होता आणि कागदावरच राहणार होता. आणि 'पहिलीला तिसरी भाषाच नको' असं म्हणायला तर बटणच ठेवलेलं नव्हतं.

हिंदी चांगली की वाईट, हा मुद्दा इथं मी काढतच नाही. माझी मुलगी सातवीत हिंदी शिकते, आवडीनं शिकते. मी बघते आहे फक्त अर्जाची मांडणी. समजा उलट लिहिलं असतं, की पहिलीपासून दोनच भाषा, आणि ज्या वर्गात २० पालक तिसरी मागतील तिथं ती द्यावी, तर शब्द जवळपास तेच, आकडाही तोच राहिला असता. पण राज्यभरातल्या वर्गांत प्रत्यक्षात घडलं असतं ते पूर्ण वेगळं. 'सर्वसाधारणपणे' या एका शब्दात राज्यातल्या सगळ्या पहिलीच्या मुलांचा निर्णय झाला होता, आणि तरीही 'आम्ही पर्याय दिला' असं म्हणायची सोय होती. २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले, डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. आंदोलन, राजकारण, दोन भाऊ एकत्र येणं, त्या सगळ्यावर रग्गड लिहून झालं आहे. त्या एका क्रियाविशेषणावर मात्र मला कुठं फारसं वाचायला मिळालं नाही.

कायदे येताहेत, नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ प्रकारच्या फसव्या मांडणींची यादी करून त्यांना बंदी घातली. खरेदी करताना न विचारता देणगी किंवा विमा बिलात सरकवणं त्यात आहे. सभासद होणं एका टिचकीत आणि सोडणं मात्र दहा पडद्यांआड, तेही आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती ही माणसानं स्वतः स्पष्ट कृतीनं दिलेली असावी असं म्हटलं आहे, म्हणजे आधीच टिक केलेली चौकट चालणार नाही. आणि संमतीची विनंती मराठीतून वाचायची सोय द्यावी लागेल. वाचायला गोड वाटतं. पण हे सगळं मुख्यतः दुकानांसाठी आणि ॲपसाठी. शासन निर्णयातलं 'सर्वसाधारणपणे' कुठल्या यादीत बसवायचं?

माझी स्वतःची एक ढोबळ कसोटी आहे, केंद्रात रोज वापरते. कुठलाही अर्ज उघडला की आधी बघते, याला हात न लावता तसाच पुढे पाठवला तर पैसा कुठून कुठे जातो. मग बघते, बाहेर पडायला किती पायऱ्या आहेत. आत यायला एक सही आणि बाहेर पडायला लेखी अर्ज, तोही मुदतीच्या आत, असं असलं की मी समोरच्याला थांबवून सांगते. कधी कधी लोक वैतागतात. "ताई, तू भर ना पटकन, गाडी चुकेल माझी." मग गाडीकडे बघत बघत समजावते.

आणि अशी मुदत दरवर्षी जवळ येतेच, म्हणून शेवटी कामाचं.

पीक विमा. २०१६ च्या खरिपात योजना सुरू झाली तेव्हा पीककर्ज घेतलेल्यांना ती सक्तीची होती. २०२० च्या खरिपापासून ती 'ऐच्छिक' झाली, तशा बातम्याही आल्या. पण ऐच्छिक कशी, ते बघा. कर्जदार शेतकऱ्याला विमा नको असेल, तर शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेला तसं लेखी द्यायचं. नाही दिलं तर बँक हप्ता कापून विमा उतरवणार. बिगरकर्जदारानं मात्र स्वतः येऊन भरला तरच विमा. म्हणजे एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन डिफॉल्ट.

२०२३ आणि २०२४ मध्ये आपल्याकडे एक रुपयात विमा होता, त्यामुळे कुणाला याचं काही वाटलं नाही. २०२५ च्या खरिपापासून ते बंद झालं. आता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच. संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरली तर खरिपाचे हजार रुपये हेक्टरी. आणि भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, तुमच्या एकट्याच्या रानात पाणी साचलं म्हणून वेगळं काही मिळत नाही. घ्या किंवा घेऊ नका असं मी सांगत नाही. ज्यांचं रान ओढ्याकाठी आहे ते एक हिशेब करतील, ज्यांचं माळावर आहे ते दुसरा. फक्त तो हिशेब तुम्ही करा, बँकेच्या कॉम्प्युटरला करू देऊ नका.

तर कर्जदारांनी तीन गोष्टी बघा. या हंगामाची शेवटची तारीख कोणती ते कृषी सहायकाला विचारा, आणि त्यातून सात दिवस वजा करा. विमा नको असेल तर बँकेत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. हवा असेल तर बँकेनं पीक कोणतं लिहिलं आहे ते तपासा, कारण कर्ज उसावर आणि रानात सोयाबीन असं फार ठिकाणी असतं.

आणि बायाबापड्यांनो, आधारवरचा पैसा कुठल्या बँकेत जातो ते यूआयडीएआयच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. आधार नंबर आणि ओटीपी एवढंच लागतं, दोन मिनिटांचं काम. ज्या नंबरवर ओटीपी येतो तो फोन घेऊन या. मुकादमाचा नंबर असेल तर आधी तो बदलू. बघून द्यायचे पैसे नाहीत. सोमवारी नको, सोमवारी बाजार असतो, गर्दी असते.